आधी सीमा, मग माणसं

अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदान म्हणजे एरवी सदस्यांची ये-जा आणि घोळक्या-घोळक्यांनी चाललेल्या गप्पा. २७ जून २०१३ रोजी मात्र सगळ्यांनी आपापल्या जागेवरून मत दिलं. उपाध्यक्ष जो बायडेन स्वतः अध्यक्षस्थानी होते. ६८ विरुद्ध ३२ मतांनी स्थलांतर सुधारणेचं विधेयक मंजूर झालं, सिनेट विधेयक क्रमांक ७४४. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सगळ्या सदस्यांबरोबर चौदा रिपब्लिकनांनीही त्याला पाठिंबा दिला. देशात कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख माणसांना कायदेशीर होण्याची वाट, कुशल कामगारांच्या व्हिसांमध्ये वाढ, तुंबलेल्या ग्रीन कार्डांचा निपटारा, असं बरंच काही त्यात होतं. पण मतदानाच्या आधीचा आठवडा खर्ची पडला तो एकाच प्रश्नावर. या माणसांना काही देण्याआधी मेक्सिकोची सीमा बंदिस्त होईल याची हमी काय?

विधेयकाचा कायदा झाला नाही. पण ती हमी कशी लिहिली गेली, ती मोजायची कशी हे कसं ठरलं, आणि त्या मोजमापावर लाखो संसार कसे टांगले गेले, हे नीट पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात ग्रीन कार्डाची वाट बघत बसलेली मराठी कुटुंबंही त्याच विधेयकाच्या पोटात होती.

या हमीच्या मागणीचं मूळ १९८६ सालात आहे. वायोमिंगचे सिनेटर अॅलन सिम्प्सन आणि केंटकीचे प्रतिनिधी रोमानो मझोली यांनी काही वर्षं रेटलेल्या कायद्यावर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी रोनाल्ड रेगन यांनी सही केली. सौदा सरळ होता. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून देशात राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना कायदेशीर दर्जा मिळणार होता. बदल्यात, यापुढे कागदपत्रं नसलेल्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होणार होता. कामच मिळालं नाही तर माणूस येईल कशाला, असा त्यामागचा विचार.

सौद्याची पहिली बाजू पुरी झाली. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. दुसरी बाजू मात्र कागदावरच राहिली, आणि त्याचं कारण कायद्याच्या मजकुरातच होतं. मालकाने कामगाराची कागदपत्रं पाहून ‘आय-९’ नावाचा अर्ज भरायचा. कागद वरवर खरा वाटला की त्याची जबाबदारी संपली. तो खरा आहे का, हे तपासून घेण्याची सोय तेव्हा नव्हती. मालकाने ‘जाणूनबुजून’ ठेवलं हे सरकारने सिद्ध करायचं. साहजिकच बनावट ओळखपत्रांचा धंदा भरभराटीला आला. शेतं, हॉटेलं, बांधकामं यांना लागणाऱ्या पुढच्या मजुरांसाठी पुरेसा कायदेशीर रस्ताही ठेवलेला नव्हता. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २००७ पर्यंत कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या १ कोटी २२ लाखांवर गेली.

रिपब्लिकन मतदाराच्या मनात ही गोष्ट रुतून बसली. माफी आधी दिली, बंदोबस्त नंतर करू म्हटलं आणि केला नाही, हा त्याचा अनुभव. तो खोटा म्हणता येणार नाही. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक विधेयकात क्रम उलटा करण्याची मागणी आली: आधी सीमा, मग माणसं. कायद्याच्या भाषेत या अटींना ‘ट्रिगर’ म्हणतात. अमुक काम झालं असं सरकारने लेखी दिल्याशिवाय पुढचं कलम लागूच होत नाही.

हे ऐकायला अगदी रास्त वाटतं. अडचण येते ती ‘काम झालं’ हे ठरवताना.

२००६ मध्ये जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या सुरक्षित कुंपण कायद्याने अठरा महिन्यांत सीमेवर ‘परिचालन नियंत्रण’ आणण्याचा हुकूम दिला आणि त्याची व्याख्याही लिहून टाकली: सर्व बेकायदा प्रवेशांना प्रतिबंध. बहुतेक नाही, सर्व. माणसं, अमली पदार्थ, चोरटा माल, सगळंच त्यात आलं. जवळजवळ ३,१४५ किलोमीटरच्या, वाळवंट, डोंगर आणि रिओ ग्रांदे नदीतून जाणाऱ्या सीमेवर एकही माणूस निसटणार नाही, हे जगातलं कुठलंही सरकार करू शकत नाही. सीमेवरच्या बॉर्डर पेट्रोल या दलाने मग आपल्यापुरती सैल व्याख्या वापरली, आणि तरीही २०१० च्या अखेरीला या सीमेच्या जेमतेम ४४ टक्के भागावर नियंत्रण असल्याचं सांगितलं. हा आकडा विरोधकांच्या हाती लागला, आणि थोड्याच दिवसांत गृहसुरक्षा खात्याने ते मोजमापच बंद केलं. त्याच सुमारास, जानेवारी २०११ मध्ये, कॅमेरे आणि रडारांची ‘आभासी भिंत’ उभारण्याचा प्रकल्पही गुंडाळला गेला. त्यावर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि अॅरिझोनातला ५३ मैलांचा पट्टा तेवढा झाला होता.

२०१३ साली विधेयक लिहिणाऱ्या आठ सिनेटरांच्या गटासमोर हे सगळं होतं. चक शुमर, जॉन मकेन, डिक डर्बिन, लिंडसे ग्रॅहम, बॉब मेनेंडेझ, मार्को रुबिओ, मायकेल बेनेट आणि जेफ फ्लेक, चार या बाजूचे आणि चार त्या बाजूचे. त्यांनी नवं परिमाण घेतलं: ‘परिणामकारकता दर’. पकडलेले अधिक परत पिटाळलेले, भागिले एकूण बेकायदा आलेले. उद्दिष्ट ९० टक्के.

हा दर प्रत्यक्षात कसा निघतो ते पाहायला हवं. पकडलेल्यांची नोंद असते, ती पक्की. उरलेल्या दोन आकड्यांसाठी बॉर्डर पेट्रोलचे जवान अजूनही एक जुनी पद्धत वापरतात. सीमेलगतच्या कच्च्या रस्त्यावरून गाडीमागे जुने टायर साखळीने बांधून ओढत नेतात, त्यामुळे धूळ गुळगुळीत पसरते. पुढच्या फेरीला त्या धुळीवर ताजी पावलं दिसली की कुणीतरी गेलं. पावलं मेक्सिकोकडे वळली तर ‘परतवले’ या रकान्यात नोंद, उत्तरेकडे गेली आणि माणूस सापडला नाही तर ‘निसटले’ या रकान्यात. पावलं किती जणांची हा अनुभवी डोळ्याचा अंदाज. सराईत वाटाडे हे ओळखून असतात. ते लोकांच्या बुटांना गालिचाचे तुकडे बांधतात, म्हणजे ठसा उमटत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१२ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की वेगवेगळे विभाग ही नोंद वेगवेगळ्या रीतीने ठेवतात, त्यामुळे एका विभागाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही.

आता गणित करू. समजा एका रात्री ६० जण पकडले, २० परतवले आणि २० निसटल्याचं दिसलं. दर ८० टक्के. त्याच जागी नवे कॅमेरे बसवले आणि आधी कधीच न दिसलेले आणखी २० जण निसटताना दिसले, तर दर ६७ टक्क्यांवर येतो. पहारा सुधारला आणि आकडा घसरला. उलट, जिथे कुणी बघतच नाही तिथे निसटलेले शून्य. जे लोक आश्रय मागायला आपण होऊन जवानांपुढे उभे राहतात, तेही पकडलेल्यांत धरले की दर आपोआप वाढतो. अशा आकड्यावर एखाद्या माणसाचं नागरिकत्व अवलंबून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या वागण्याचा, कामाचा, भरलेल्या कराचा त्या आकड्याशी काहीही संबंध नाही.

विधेयकाच्या मूळ मसुद्यात याचं भान होतं. दर ९० टक्क्यांवर आणणं हे उद्दिष्ट ठेवलं. पाच वर्षांत ते गाठलं नाही तर सीमावर्ती राज्यांचा आयोग नेमायचा, एवढीच शिक्षा. टेक्सासचे जॉन कॉर्निन यांना हे मान्य नव्हतं. त्यांना ९० टक्के हीच ग्रीन कार्डाची अट हवी होती. आयोवाचे चक ग्रासली यांची मागणी त्याहून कडक होती: सहा महिने सीमा ताब्यात असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय ग्रीन कार्डाआधी मिळणारा पहिला, तात्पुरता दर्जाही देऊ नका. दोन्ही दुरुस्त्या सिनेटने बाजूला सारल्या.

पण मतं हवी होती. मग टेनेसीचे बॉब कॉर्कर आणि नॉर्थ डकोटाचे जॉन होवेन यांनी वेगळी तोड काढली, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासात हमीच्या प्रश्नाला इतक्या रोखठोकपणे भिडलेली दुरुस्ती दुसरी नाही. परिणामाची हमी देता येत नाही ना, मग साधनांची देऊ. सीमेवर जवान किमान ३८,४०५. त्या वेळी दक्षिण सीमेवर होते सुमारे १८,५००. कुंपण ७०० मैल, म्हणजे सुमारे १,१२६ किलोमीटर. कामगाराची कागदपत्रं संगणकावरून पडताळणारी ‘ई-व्हेरिफाय’ यंत्रणा सगळ्या मालकांना सक्तीची. विमानतळ आणि बंदरांवर देश सोडणाऱ्यांचीही इलेक्ट्रॉनिक नोंद. आणि सीमा धोरण प्रत्यक्षात उतरल्याची खात्री. कोणत्या विभागात किती टेहळणी मनोरे, किती कॅमेरे, जमिनीत पुरायची किती संवेदक यंत्रं, हेसुद्धा कायद्यातच लिहून काढलं. खर्च सुमारे ४६ अब्ज डॉलर. हे पाचही होईपर्यंत नोंदणी झालेल्यांना ग्रीन कार्ड नाही. ग्रीन कार्डासाठी थांबण्याची मुदत तशीही किमान दहा वर्षांची होती.

जवान मोजता येतात, कुंपण मोजता येतं. धुळीतल्या पावलांसारखा वाद राहत नाही. आणखी एक शहाणपण त्यात होतं, त्याची चर्चा फार कमी झाली. न्यायालयीन स्थगितीमुळे किंवा दैवी आपत्तीमुळे एखादी अट अडकली, तर दहा वर्षांनंतर वाट मोकळी करण्याची तरतूद होती. कुंपणाच्या जमिनीसाठी टेक्सासातल्या शेतकऱ्यांचे खटले वर्षानुवर्षं चालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अट घालणाऱ्यानेच अट रेंगाळत ठेवायची आणि शिक्षा तिसऱ्याने भोगायची, हे टाळण्याचा तो प्रयत्न होता.

तरी जवानांच्या संख्येची मला धास्ती वाटते. त्यानंतरच्या दशकात बॉर्डर पेट्रोलची एकूण संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आणखी ५,००० जवान भरण्याचा आदेश काढला, तोही पुरा झाला नाही. पॉलिग्राफ चाचणीत बरेच उमेदवार नापास होतात, आडगावी नोकरी करायला लोक तयार नसतात, भरती होते तेवढे सोडूनही जातात. ३८,४०५ हा आकडा गाठलाच गेला नसता, तर सरकारी भरती खात्याच्या दिरंगाईपायी लाखो माणसं तात्पुरत्या दर्जात अडकून पडली असती.

या हमीने कशाकडे पाठ फिरवली, तेही पाहू. कागदपत्रांविना राहणाऱ्यांपैकी ४० ते ५० टक्के लोक रीतसर व्हिसा घेऊन आले आणि मुदत संपल्यावर परत गेले नाहीत, असा प्यू केंद्राचा २००६ चा अंदाज होता. त्यांच्यापुढे कुंपण काय करणार? देश सोडणाऱ्यांची नोंद ठेवण्याचा आदेश काँग्रेसने १९९६ मध्येच दिला होता आणि सतरा वर्षांनीही ती व्यवस्था उभी नव्हती. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा एवढे पैसे ओतूनही बेकायदा येणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांश ते निम्म्याने घटेल, असाच निष्कर्ष निघाला.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकोतल्या स्थलांतराचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं धोरणकर्त्यांच्या कानी पडायला हवं होतं. पूर्वी मेक्सिकोतला गडी हंगामापुरता यायचा आणि पैसे गाठीला बांधून घरी परतायचा. १९९३ मध्ये एल पासोत आणि १९९४ मध्ये सॅन डिएगोत पहारा कडक झाला, तसा रस्ता वाळवंटातून गेला. वाटाड्याचा दर वाढला, मरणाची भीती वाढली. मग एकदा आलेला माणूस परत जाईना. बायकामुलांनाच बोलावून घेऊ लागला. ज्या कुंपणाने लोकांना बाहेर ठेवायचं, त्यानेच त्यांना आत कोंडलं.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. ही सगळी हमी दक्षिण सीमेची होती. कॅनडाची सीमा ८,८९१ किलोमीटर लांब, पण ट्रिगर म्हणून तिचा उल्लेख नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, सीमेपासून थोड्याच अंतरावर, उणे ३५ अंशांच्या थंडीत गुजरातमधलं एक कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, गोठून मरण पावलं. २०२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी यंत्रणांनी सीमांवर रोखलेल्या भारतीयांची नोंद सुमारे ९७ हजार होती, त्यातले सुमारे ३० हजार कॅनडाच्या बाजूला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. तिघे महाराष्ट्राचे होते.

पण मराठी माणसाचा या विधेयकाशी संबंध मुख्यतः दुसऱ्या रांगेतून आहे. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं देताना कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतासारख्या देशासाठी ही रांग दशकांची होते. पुण्याहून एच-१बी व्हिसावर गेलेला अभियंता तिथे घर घेतो, मुलं शाळेत वाढतात, आणि मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून बाद होतं. विधेयक ७४४ ने नोकरीवरच्या ग्रीन कार्डांवरची ही देशनिहाय मर्यादा काढून टाकली होती. एवढंच नव्हे, आधीपासून रांगेत असलेल्यांचा निपटारा झाल्याशिवाय नव्याने कायदेशीर होणाऱ्यांना ग्रीन कार्ड द्यायचं नाही, अशीही अट होती. म्हणजे रांगेचा मान राखला होता. भारतीय आयटी कंपन्यांवर त्यात जाचक बंधनंही होती आणि त्यांनी विरोध केला, हेही खरं. पण रांगेतल्या कुटुंबासाठी तो आजवरचा सर्वांत मोठा दिलासा ठरला असता.

तो मिळाला नाही. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी सिनेटचं विधेयक मतदानाला घेतलंच नाही. आपल्याच पक्षातल्या बहुसंख्यांचा पाठिंबा नसेल तर आपण ते मांडणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जून २०१४ मध्ये त्यांच्या पक्षाचे सभागृहनेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीत पराभूत झाले, त्यात स्थलांतराचा प्रश्न गाजला होता. नंतर कुणी धीर केला नाही. हजारो जवान, ७०० मैल कुंपण आणि ४६ अब्ज डॉलरची हमीसुद्धा पुरली नाही, कारण ज्या सरकारने ‘काम झालं’ असं लिहून द्यायचं त्या सरकारवरच विरोधकांचा विश्वास नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जेम्स लँकफर्ड, क्रिस मर्फी आणि किर्स्टन सिनेमा या तीन सिनेटरांनी पुन्हा एक तडजोड आणली. या वेळी ट्रिगर उलट्या दिशेने लावला होता. सीमेवर रोखलेल्यांची सात दिवसांची सरासरी रोज ५,००० च्या वर गेली की आश्रयाचे अर्ज घेणं सरकारने थांबवलंच पाहिजे. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना सरसकट कायदेशीर करण्याची तरतूद त्यात नव्हती. बॉर्डर पेट्रोलच्या कर्मचारी संघटनेनेही पाठिंबा दिला. ट्रम्प यांनी विरोध केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५० मतांवर अडकलं.

माझं मत असं आहे की सीमेची हमी मागणं गैर नाही; १९८६ चा अनुभव असलेल्या मतदाराला ती मागण्याचा हक्क आहे. पण हमी साधनांची असावी, तिला तारीख असावी, मोजणारा सरकारबाहेरचा असावा, आणि तारीख उलटली तर भुर्दंड सरकारला पडावा. अर्ज भरून, दंड भरून, पार्श्वभूमीची तपासणी करून घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला नव्हे.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पी कायद्यात एकट्या सीमेवरच्या भिंतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर आहेत, म्हणजे २०१३ च्या संपूर्ण सीमा तरतुदीइतके. २०२५ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर बॉर्डर पेट्रोलने पकडलेल्यांची संख्या अडीच लाखांच्या आत होती. १९७० च्या सुमारानंतरचा हा नीचांक. सीमा झाली. माणसांसाठीचं कलम मात्र त्या कायद्यात नाही, आणि ७ टक्क्यांची मर्यादा आजही लागू आहे.